गाभाऱ्यामागची गुहा

सातमाळ्याच्या डोंगररांगेत, कन्नड आणि सोयगाव या तालुक्यांच्या दरम्यान, एका लहान गावाच्या माथ्यावरील कड्यात महादेवाचे गुहामंदिर आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव छापले की पुढच्याच सुट्टीला तेथे गाड्या उभ्या राहतात, आणि ज्या जागेविषयी मी लिहीत आहे ती जागा अशा गर्दीला झेपणारी नाही. या गुहेचे दोन भाग आहेत. पुढचा भाग पंचक्रोशीतील प्रत्येकाने पाहिलेला आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे रांगा लागतात. ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राच्या निधीतून तेथे फरशी बसली, पायऱ्या झाल्या, स्टीलचे कठडे आले आणि छताला दिवे लागले. मागचा भाग पिंडीच्या डाव्या हाताला, समई ठेवण्याच्या कोनाड्याशेजारी, जेमतेम कमरेएवढ्या उंचीच्या फटीपासून सुरू होतो. तेथे फरशी नाही आणि दिवाही नाही. गावातील बहुतेकांना तो भाग आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीतूनच ठाऊक आहे, आणि ती गोष्ट अशी की हे भुयार थेट देवगिरीला निघते. काही घरांत ते पैठणला निघते.

छत्रपती संभाजीनगरमधील आमचा गट मुळात डोंगरभटकंतीचा. गेल्या काही वर्षांत त्यातील आम्ही काही जण गुहांच्या मोजणीकडे वळलो, आणि दोघांनी मेघालयात जाऊन चुनखडीच्या गुहांमध्ये हे काम शिकून घेतले. ग्रामपंचायतीने आमच्याकडे विचारणा केली ती सरळ होती: मागचा भाग किती आत जातो, तो धोक्याचा आहे का, आणि पुढच्या निधीतून तेथपर्यंत पायऱ्या आणि दिवे नेता येतील का. वन खात्याची रीतसर परवानगी मिळाल्यावर आम्ही मार्गशीर्षात काम ठरवले. तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर मी येथेच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे लिखाण त्याच्या बाजूने आहे: त्या भागाचा नकाशा पूर्ण व्हावा, आणि तो भाग मात्र आहे तसाच राहावा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, त्यामुळे ही गुहा तेथे का आहे, येथून सुरुवात केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी घडलेला आहे. हे थर एकामागून एक पसरत गेले, आणि एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कधी कधी इतका काळ जाई की खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजून त्याची माती होई. पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर पसरला की ती माती भाजून तांबडी होई. विहिरी खणणाऱ्या माणसांना हा तांबडा पट्टा चांगला माहीत असतो. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे फोडत खाली जाताना मध्येच तो लागतो, आणि अनुभवी माणूस तेथे थांबून पाण्याचा अंदाज घेतो. वरच्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेले पाणी या मातीवर अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या पोटातून पाझरून बाहेर येते. पाझराच्या तोंडाशी माती हळूहळू वाहून जाते, वरचा पाषाण छत होऊन राहतो, पुढे त्या छतातून भेगांच्या रेषेवर शिळा निखळतात आणि पोकळी आत आत वाढत जाते. म्हणून आपल्याकडच्या नैसर्गिक गुहा उंच नसतात. त्या रुंद आणि बसक्या असतात, आणि बहुधा त्यांच्यात पाणी असते. डोंगरात पाण्याच्या आशेने माणूस आधी आला असेल आणि देवाची स्थापना त्यानंतर झाली असेल, असे मला अशा प्रत्येक ठिकाणी वाटते.

अजिंठा आणि वेरूळ यांमुळे मराठवाड्यात लेणी म्हटले की माणसाने कोरलेली दालने डोळ्यांपुढे येतात, आणि निसर्गाने पोखरलेल्या गुहांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मेघालयातल्या गुहांशी त्यांची लांबीत तुलना होऊ शकत नाही, हे खरे आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यामुळे तेथे क्रेम लियात प्रासारखी ३० किलोमीटरहून अधिक लांबीची गुहा घडते. मॉमलुह गुहेतील एका चुन्याच्या स्तंभावरून तर ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये मेघालयाचे नाव मिळाले. आपला पाषाण तसा विरघळत नाही. पण लहान गुहेची मोजणी सोपी असते असे मात्र कोणी समजू नये. सातमाळ्यातल्या या गुहेने आम्हांला जे प्रश्न घातले, ते आमच्या सहकाऱ्यांना मेघालयात पडले नव्हते.

तयारीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण गुहेत अपघात झालेल्या बहुतेक हकिगतींच्या मुळाशी तयारीचा अभाव असतो. प्रत्येकाकडे प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असतात: एक हेल्मेटवर आणि दोन जवळ. कमीत कमी चौघे असल्याशिवाय आत जायचे नाही. एकाला दुखापत झाली तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघे बाहेर येऊन मदत बोलावतात. परतीची वेळ बाहेर थांबलेल्या माणसाच्या वहीत लिहून द्यायची आणि ती उलटली तर त्याने कोणाला फोन करायचा हेही लिहून द्यायचे. याशिवाय या डोंगरात आग्या मोहळांचा विचार करावा लागतो. कड्याच्या उन्हाच्या बाजूला पोळी लोंबत असतात, आणि अत्तर, धूर किंवा आरडाओरडा यांनी ती उठली तर कड्यावरून पळायला जागा नसते. आदल्या संध्याकाळी दुर्बिणीने सगळा कडा पाहून घेतल्यावरच आम्ही सकाळची वाट नक्की केली.

हवेचा प्रश्न गावकऱ्यांना आमच्याइतकाच, किंबहुना अधिक, ठाऊक होता. बंद पोकळीत कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून आम्ही प्राणवायू आणि कर्बवायू मोजणारे यंत्र घेऊन गेलो होतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, आणि तो १९.५ च्या खाली गेला की यंत्र वाजू लागते. गुरवबाबांनी ते हातात घेऊन नीट पाहिले आणि म्हणाले, “म्याडम, पेवात उतरायच्या आधी आमी कंदील सोडत असू. कंदील इझला की मानूस उतरत नसे. हे यंत्र तेच काम करतंय म्हना की.” जमिनीखालच्या पेवात साठवलेली ज्वारी श्वसन करते, प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते, पेव उघडून घाईने उतरलेली माणसे गुदमरल्याच्या हकिगती मराठवाड्याच्या जुन्या पिढीला सांगाव्या लागत नाहीत. कंदिलाची एक मर्यादा मात्र मी बाबांना सांगितली: प्राणवायू पुरेसा असून कर्बवायू वाढलेला असेल, तर ज्योत जळत राहते आणि माणसाला आधीच त्रास सुरू झालेला असतो. त्यांनी ते लगेच मान्य केले आणि गावातल्या विहिरी उपसणाऱ्या मुलांनाही हे सांगा, असे सुचवले. तसे आम्ही नंतर केले.

मागच्या भागात शिरण्याआधी पुढच्या भागाची पाहणी झाली, आणि ती करताना मला फार वाईट वाटले. छताला लावलेल्या मोठ्या दिव्यांच्या भोवती खडकावर हिरवा थर चढला आहे. ज्या जागी सूर्यप्रकाश पोहोचत नाही, तेथे सतत जळणाऱ्या दिव्याने ओल्या खडकावर शेवाळ वाढते, आणि ते पुसले तरी दिवा असेपर्यंत परत येते. फरशी भिंतीला अगदी टेकवून, सिमेंटने सांधून बसवलेली आहे. तेथेच पूर्वी तांबड्या पट्ट्यातून पाझर येत असे आणि तो एका दगडी पन्हळीतून कुंडात जाई, असे आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितले. आता ते पाणी फरशीखाली अडकून मागे साचते आणि भिंतीचा खालचा भाग फुगून त्याचे पापुद्रे सुटत आहेत. ज्यांनी हे बांधकाम केले त्यांची श्रद्धा कमी होती असे मी म्हणणार नाही. पण पाझर कोठून येतो हे त्यांनी गावातल्या कोणाला विचारले असते तर हे टळले असते. पितळखोऱ्याच्या लेण्यांचे कारागीर याच सातमाळ्याच्या पाझरणाऱ्या खडकात काम करत होते, आणि त्यांनी त्या पाण्याला वाट काढून दिली. जिन्याजवळ कोरलेल्या नागाच्या फण्यांतून पाणी बाहेर पडावे अशी योजना तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पाणी अडवायचे नसते हे कळले होते.

फट ओलांडून आत गेल्यावर सुरुवातीचा काही भाग गुडघ्यांवर रांगत जावा लागतो. खाली तांबडी माती, वर काळ्या पाषाणाचे सपाट छत, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम हेल्मेट वळवता येईल एवढे अंतर. बाहेर पहाटेची थंडी होती आणि आत मात्र तापमापक २५ अंशांच्या आसपास स्थिर होता. पुरेशा आत गेलेल्या गुहेचे तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहते. त्यामुळे हिवाळ्यात ती उबदार वाटते आणि मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीपलीकडे असताना, थंड वाटते. दोन्ही वेळी गुहा बदललेली नसते.

या ठिकाणी आम्ही गाभाऱ्यातली एक उदबत्ती मागून घेतली आणि तिचा धूर फटीपाशी धरला. जमिनीलगत धरला तर तो आत ओढला जात होता, आणि छतालगत धरला तर बाहेर येत होता. आमच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट होती. डोंगरात कोठे तरी वरच्या किंवा खालच्या अंगाला दुसरे तोंड असते, तर हवा जमिनीपासून छतापर्यंत एकाच दिशेने वाहिली असती. थंड हवा खालून शिरते आणि तीच तापून वरून परत येते, याचा अर्थ आतल्या पोकळीला माणूस जाईल असे दुसरे दार असण्याची शक्यता फार कमी आहे. देवगिरीच्या भुयाराच्या गोष्टीविरुद्ध पहिला पुरावा असा उदबत्तीने दिला.

मोजणीचे काम सुरू झाल्यावर गुहेने आमची खरी परीक्षा घेतली. पद्धत अशी असते की गुहेत एकापुढे एक बिंदू ठरवायचे, प्रत्येक दोन बिंदूंमधील अंतर लेझर यंत्राने किंवा टेपने घ्यायचे, होकायंत्राने दिशा घ्यायची, चढ-उताराचा कोन घ्यायचा, आणि प्रत्येक बिंदूपाशी छताची उंची आणि डाव्या-उजव्या भिंतींचे अंतर लिहून आकृती काढायची. वही माझ्याकडे होती. होकायंत्र आमच्या गटातील अभियंता काकांकडे होते, जे पाटबंधाऱ्यांच्या कामावर आयुष्यभर मोजण्या करून निवृत्त झाले आहेत. त्यांचा आग्रह असतो की प्रत्येक रेषेचे वाचन दोन्ही टोकांकडून घ्यावे: पहिल्या बिंदूवरून दुसऱ्याकडे, आणि मग दुसऱ्यावरून पहिल्याकडे. या दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. रांगण्याच्या भागात तो येईना. कोठे चार अंश कमी, कोठे सात अंश जास्त. हेल्मेटची बकले, चाकू, बॅटऱ्या सगळे दूर ठेवून पाहिले, तरी फरक तसाच राहिला.

दोष खडकाचा होता. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाईट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि ती आजही खडकात कायम आहे. होकायंत्र मोकळ्या जागेत धरले तर हा परिणाम जाणवत नाही. पण वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूला हातभर अंतरावर पाषाण असला की सुई त्याच्याकडे वळते. यातील सर्वांत विलक्षण भाग मी तेथेच, गुडघ्यांवर बसल्या बसल्या, सोबतच्या मुलांना सांगितला. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग थंड झाला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते, आणि ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. दगडातल्या या कणांचा कल मोजूनच शास्त्रज्ञांना कळले की भारताचा भूखंड दक्षिणेकडून सरकत येथवर आला. आमच्या सुईला ओढणारा तो खडक स्वतः जेथे जन्मला तेथली दिशा अजून धरून बसला आहे, हे कळल्यावर त्या मुलांनी छताला ज्या रीतीने हात लावला, ते मला वर्गात कधी पाहायला मिळालेले नाही.

काकांनी यातून काढलेला मार्ग सर्वेक्षणाच्या जुन्या पुस्तकांतला आहे आणि तो मला अतिशय सुंदर वाटतो. एका बिंदूवर उभे राहून मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही बिंदूंच्या दिशा घेतल्या, तर खडकामुळे येणारी चूक दोन्ही वाचनांत सारखीच असते. म्हणून त्या दोन वाचनांतील फरक, म्हणजे त्या बिंदूपाशी होणारा कोन, अचूक राहतो. ज्या रेषेची दोन्ही वाचने जुळतात तेथून सुरुवात करायची आणि मग कोनांच्या आधाराने एकेक रेषा दुरुस्त करत आत जायचे. त्यासाठी सुई दर वेळी स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. काम फार सावकाश झाले, पण त्या नकाशावर आता मी विश्वास ठेवू शकते.

रांगण्याचा भाग संपला की एक दालन लागते, ज्यात माणूस वाकून उभा राहू शकतो. त्याच्या छताच्या एका शिळेवर लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या आहेत आणि त्यांत पांढरे, किंचित गुलाबी स्फटिक भरलेले आहेत. हे झिओलाइट गटातील खनिजांचे स्फटिक अजिंठा-वेरूळच्या वाटेवर विकायला ठेवलेले सर्वांनी पाहिले असतील. फोडून काढलेल्या पोकळीत पुन्हा स्फटिक भरणार नाही, म्हणून त्या दुकानांपुढे थांबणे मी सोडले आहे. येथे आम्ही छायाचित्रे घेतली, नकाशावर खूण केली आणि हात लावला नाही. वाट तेथपर्यंत नेली तर पहिल्याच वर्षी ती शिळा बोडकी होईल, याविषयी मला शंका नाही.

याच दालनाच्या पुढच्या अंगाला पाणी आहे. तांबड्या मातीच्या खोलगट जागेत साचलेले, गुडघाभर खोलीचे, एवढे नितळ की प्रकाश तिरपा टाकल्याशिवाय ते आहे हे कळत नाही. बाहेर आल्यावर एका आजींना याविषयी विचारले तेव्हा त्यांनी क्षणही न थांबता सांगितले, “बहात्तर साली हिरी आटल्या, तवा ह्याच पान्यावर गाव तगलं. रातच्याला नंबर लावून घागरी भरल्यात आमी.” १९७२ च्या दुष्काळात ही फट आतापेक्षा मोठी होती, की माणसे अशीच रांगत घागरी नेत होती, हे त्यांना नीट आठवत नव्हते, पण पाण्याजवळच्या खडकावर घागर टेकवून गुळगुळीत झालेली एक जागा आम्ही पाहिली होती, आणि तिचे कारण आजींच्या बोलण्यातून कळले. पुढच्या भागातल्या फरशीने पाझर अडवल्याचा या पाण्यावर काय परिणाम होतो आहे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण ते कधी मोजलेलेच नाही. माझ्या मते या गुहेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. भुयार कोठे जाते यापेक्षा पाणी कोठून येते हे गावाला अधिक उपयोगाचे आहे.

पाण्याजवळच्या भिंतीवर छिन्नीचे घाव आहेत. एक लहान कोनाडा, पणती मावेल एवढा, आणि त्याच्या बाजूला वीतभर रुंदीचे तासलेले पट्टे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपूर्ण राहिल्यामुळे त्यात कामाची रीत पाहायला मिळते: आधी लांब चर खोदायचे आणि मग मधले उरलेले कंगोरे फोडून काढायचे. येथे तसे काही नाही. पाण्याशी येणाऱ्या कोणी तरी दिव्यापुरती जागा केली, एवढेच म्हणता येईल. ते कोणत्या काळातले, यावर मी काही बोलणार नाही. आम्ही मापे आणि छायाचित्रे पुरातत्त्व विभागाकडे पाठवण्यासाठी वेगळी काढून ठेवली आणि त्या भिंतीपाशी एकही खूण केली नाही.

पलीकडे, पाण्याच्या काठाने पोटावर सरकत गेल्यावर, शेवटचे दालन आहे आणि ते वटवाघळांचे आहे. तेथे आम्ही दोघेच गेलो, तोंडावर एन-९५ मास्क घालून आणि दिवे सर्वांत मंद ठेवून. वटवाघळांच्या कोरड्या विष्ठेत वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात गेले की आजार होतो. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या होत्या. यात घाबरून वटवाघळांना हुसकावण्यासारखे काही नाही; त्यांच्यापासून अंतर राखावे आणि त्यांना त्रास देऊ नये, एवढाच याचा अर्थ. छताच्या कोपऱ्यातून टिकटिक असा आवाज येत होता. फळे खाणारी बहुतेक वटवाघळे डोळ्यांवर विसंबतात, पण गुहांत राहणारी एक जात जिभेने असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते. वड, उंबर आणि जांभूळ यांच्या बिया या डोंगरात दूरवर पोहोचवण्याचे काम हीच वटवाघळे करतात. पिले असण्याच्या दिवसांत दिवे आणि आवाज आले तर माद्या घाबरून उडतात आणि पिले खाली पडतात, म्हणूनच आम्ही मार्गशीर्ष निवडला होता. पुढच्या मंदिरातही पूर्वी पाकोळ्या असत, असे गुरवबाबा म्हणाले. दिवे लागल्यापासून त्या दिसत नाहीत.

शेवटच्या दालनात प्राणवायूचा आकडा किंचित उतरला, पण १९.५ च्या बराच वर राहिला. दालनाच्या टोकाला छतातून कोसळलेल्या शिळांचा ढिगारा आणि त्याच्यामागे तांबड्या मातीची अखंड भिंत आहे. ढिगाऱ्याच्या फटींत धूर धरला तर तो जागच्या जागी घुटमळत होता. गुहा तेथे संपते. फटीपासून तेथपर्यंतचे अंतर साठ मीटरच्या थोडे आतच भरले.

ग्रामसभेत नकाशा मांडताना मला सर्वांत अवघड गेले ते हेच सांगणे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले भुयार साठ मीटरांत संपते हे बाहेरून आलेल्या बाईने सांगावे, हे कोणाला आवडेल? म्हणून मी उदबत्तीपासून सुरुवात केली, आणि धुराचा प्रयोग गुरवबाबांनाच सांगायला लावला. त्यांनी तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला. मग मी एवढेच जोडले की भुयार पैठणला जात नसले, तरी पैठणची माणसे या डोंगरांत येत होती. पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे प्राचीन पैठणच्या, दात्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. हे ऐकून मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी “मंग गोष्ट अगदीच खोटी नव्हती,” असे म्हटले, आणि मला ते पूर्णपणे पटले.

आमच्या गटाने लेखी जे दिले ते थोडक्यात असे: फटीच्या पुढे दिवा, फरशी किंवा पायरी नेऊ नये. छत भेगाळलेले आहे आणि हातोड्याचे काम तेथे धोक्याचे ठरेल. फट बंदही करू नये, आणि जाळी लावायचीच झाली तर वटवाघळांना जाता येईल अशा आडव्या गजांची, जाणकारांना विचारूनच लावावी. पुढच्या भागात भिंतीलगतची फरशीची एक ओळ काढून पाझराला जुन्या पन्हळीची वाट मोकळी करावी, आणि मोठे दिवे खडकापासून दूर घेऊन फक्त दर्शनाच्या वेळी लावावेत. मागच्या भागाचा मोठा नकाशा मंदिरात लावावा, म्हणजे ज्यांना आत काय आहे याची उत्सुकता आहे त्यांना ते बाहेर उभे राहून पाहता येईल. आमच्या गटातील परिचारिका ताईंनी पाण्याची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरला, कारण वटवाघळांच्या इतक्या जवळचे पाणी तीर्थ म्हणून थेट पिण्यास देणे योग्य नाही.

यावर एकमत झाले नाही, आणि ते मी लपवणार नाही. गावातील काही तरुणांना वाटते की मागचा भाग खुला केला तर पर्यटक येतील आणि चार घरांना काम मिळेल. कोरडवाहू शेतीच्या गावात ही अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे, आणि कड्याखालच्या जुन्या पायवाटेने जाणकार वाटाड्यांसह डोंगर दाखवण्याची कल्पना त्यांनीच मांडली आहे. फरशीची ओळ काढण्यास मात्र सभेने मान्यता दिली, आणि सरपंचताईंनी पाण्याच्या मोजणीचा ठराव स्वतः मांडला. त्यासाठी खुणा केलेला स्टीलचा दांडा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होत आहे. दर अमावास्येला दोन जणांनी सोबत जाऊन फक्त पाण्याच्या काठापर्यंत जायचे, दांड्यावरचा आकडा पाहून परत यायचे, पलीकडे जायचे नाही, असे ठरले आहे. आकड्यांची वही गुरवबाबांकडे राहील, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती घेऊन आम्ही पुन्हा ग्रामसभेत बसणार आहोत.